घरभेदी प्रथिन आणि रोजची गोळी

‘रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, मग गोळी कशाला?’ एचआयव्हीबाधितांना पडणारा हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर पेशीत दडले आहे.

पेशीत शिरलेला एचआयव्ही आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवतो. त्याचे इंटिग्रेज हे विकर ती प्रत आपल्या गुणसूत्रात जोडते. पण जागा दाखवते आपलेच प्रथिन, एलईडीजीएफ! ते एका टोकाने गुणसूत्र, दुसऱ्याने इंटिग्रेज धरते आणि विषाणूला चालू जनुकांपाशी नेते. घरभेदीच म्हणा.

जोडलेली प्रत आजची औषधे काढू शकत नाहीत. काही पेशींत ती वर्षानुवर्षे निद्रिस्त राहते. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. डोल्युटेग्रॅविर नवी जोडणी रोखते, जुनी पुसत नाही.

म्हणूनच कापूस वेचणी आटोपून यवतमाळबाहेर कामाला जाणाऱ्या मजुराची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे. तेवढ्यावर थांबू नये. निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या हाती देणे आणि त्या का घ्यायच्या, हे मराठी, बंजारा, कोलामीत समजावणे हाही उपचारच आहे.