न ऐकण्यासाठी घेतलेली तबकडी

वादाची सुरुवात आंबागडावर झाली. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातला हा किल्ला. देवगडच्या बख्तबुलंद शहाच्या काळात, 1700 च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही साहित्याचे दोन-तीन अध्यापक आणि काही विद्यार्थी गड पाहायला गेलो होतो. उतरताना पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मोठ्या आनंदाने सांगितले, की एका परदेशी गायिकेच्या येऊ घातलेल्या अल्बमची व्हिनाइल तबकडी त्याने आगाऊ नोंदवली आहे. तबकडी रंगीत आहे, प्रती मर्यादित आहेत, किंमत साडेतीन हजार रुपये. गाणी अजून कोणी ऐकलेली नाहीत. आम्ही सहज विचारले, घरी तबकडी वाजवण्याचे यंत्र आहे का? तो म्हणाला, "नाही सर. ती वाजवायची नसते."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहावा लागत आहे.

विद्यार्थी बुद्धिमान आहे, वाचणारा आहे, आणि त्याने आपल्या कष्टाचे पैसे कुठे घालावेत हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. शिवाय तो एकटाही नाही. अमेरिकेत 2022 साली 4 कोटी 10 लाख व्हिनाइल तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडींची संख्या 3 कोटी 30 लाखांवर राहिली. 1987 नंतर प्रथमच तबकडीने सीडीला मागे टाकले. याच सुमारास, 2023 मध्ये, तिथल्या एका बाजारपाहणीत असे आढळले, की वर्षभरात व्हिनाइल विकत घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे ते वाजवण्याचे यंत्रच नाही. तेव्हा 'ती वाजवायची नसते' हे तुमसर तालुक्यातल्या एका तरुणाचे विक्षिप्त मत नव्हे, ते एका मोठ्या बाजाराचे सूत्र आहे. 2024 साली टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमच्या 8 लाख 59 हजार व्हिनाइल प्रती अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात खपल्या. तोच अल्बम वेगवेगळ्या आवृत्त्यांत निघाला होता, प्रत्येकीत एखादे जादा गाणे, आणि निष्ठावंत चाहत्याने त्या सगळ्या घ्याव्यात ही अपेक्षा. आठ लाखांच्या घरातल्या वस्तूला 'मर्यादित' म्हणायचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ मराठीच्या अध्यापकांनी पुन्हा एकदा कोशात पाहावा लागेल. एकाच अल्बमची डझनावारी वेष्टने काढण्याच्या या प्रथेवर बिली आयलिश या तरुण गायिकेने त्याच वर्षी जाहीर टीका केली, हे या व्यवसायातलेच एक माणूस बोलले म्हणून नोंदवून ठेवतो.

आगाऊ पैसे देणे ही मुळात वाईट गोष्ट नाही, उलट आपल्याकडे तिला मोठी प्रतिष्ठा आहे. श्री. व्यं. केतकरांनी 1916 साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ स्थापन केले ते मर्यादित कंपनीच्या रूपात. भाग विकले, ग्राहक आधी मिळवले, आणि त्या बळावर पुढे पुण्यातून 23 खंड पूर्ण केले. ज्यांनी पैसे दिले त्यांना हातात काय पडणार हे ठाऊक नव्हते. त्यांचा पैसा ग्रंथाच्या जन्माला लागला. प्रकाशनपूर्व सवलतीत आपण सगळ्यांनीच घेतलेली जाडजूड पुस्तके याच परंपरेतली. ती सगळी वाचून झाली आहेत असा दावा मात्र आम्ही करणार नाही.

याहून चांगले उदाहरण आंबागडाच्या पायथ्याशीच आहे. धान निघाले की झाडीपट्टीत मंडई भरू लागते, दंडार आणि खडी गंमत उभी राहते, शंकरपट भरतात, आणि भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गाव वर्गणी गोळा करते, चार जाणती माणसे देसाईगंज-वडशाला जाऊन नाटक ठरवतात, इसार देतात. तो प्रयोग अजून झालेला नसतो. त्या रात्री नट कसा उभा राहील, गाणे किती रंगेल, पेटीवाल्याचा हात कसा चालेल, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे ही अस्सल आगाऊ नोंदणीच झाली. पण हा इसार गावाने गावासाठी दिलेला असतो. रात्री दहा-अकराला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते तेव्हा शेजारच्या गावाचे लोकही येऊन बसतात, आणि त्यांच्या येण्याने आपला आनंद उणावला असे कोणाला वाटत नाही. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीवरच्या कामासाठी. ती रंगभूमी अशाच इसारांवर जगली आहे.

मर्यादित आवृत्तीची नोंदणी नेमकी उलटी आहे. गाणे इसारावाचूनही येणारच असते. प्रसिद्धीच्या दिवशी ते प्रत्येकाच्या फोनवर, बहुतेकदा फुकट, वाजते. जादा पैसा मोजला जातो तो इतरांकडे ती वस्तू नसावी यासाठी. केतकरांचा ग्राहक 'हे व्हावे' म्हणून पैसे देत होता, हा ग्राहक 'हे फार कोणाला मिळू नये' म्हणून देतो. दोघांनाही एकच 'आगाऊ नोंदणी' हा शब्द वापरणे ही भाषेची फसवणूक आहे, आणि ती आमच्या विषयाच्या कक्षेत येते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. फोनवर गाणे ऐकल्याने कलावंताच्या पदरी नगण्य पैसा पडतो. तबकडी विकली गेली तर त्याची चूल पेटते. लहान गट तर आधी नोंदणी करून घेतात आणि तेवढ्याच प्रती काढतात, कारण उरलेल्या प्रती ठेवायला त्यांच्याकडे जागा नसते आणि तोटा सोसायला पैसा नसतो. मान्य. तिथे मर्यादा ही अडचण आहे, डाव नाही. पन्नासच्या दशकात मुंबईत 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक निघाले तेव्हाही प्रती थोड्याच होत्या. ती संपादकांच्या खिशाची मर्यादा होती. आज त्या अंकांना मोल आले आहे, पण ते मोल काळाने दिलेले आहे. अशा लहान गटाची तबकडी आमच्या विद्यार्थ्याने घेतली असती तर आम्ही मौन पाळले असते, कदाचित वर्गणीही काढली असती.

संग्राहकांचीही गोष्ट इथे आठवते. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. चोरबाजारात आणि भंगारवाल्यांकडे जुन्या तबकड्या हुडकणारी ही माणसे. त्यांनी मिळवलेली तबकडी दुर्मिळ असे, कारण तिच्या बाकीच्या प्रती फुटल्या होत्या, फेकल्या गेल्या होत्या. ती घरी आणायची, धुवायची, वाजवायची आणि चार जणांना बोलावून ऐकवायची, यात त्या छंदाचे सार होते. ध्वनिमुद्रणाच्या युगात चाळीसहून अधिक वर्षे जगूनही अल्लादियाखाँसाहेबांची (1855–1946) ध्वनिमुद्रिका नाही, ही खंत अशा माणसांनाच खरी कळते. दुर्मिळता त्यांच्या लेखी हानी होती. आताची तबकडी मात्र जन्माआधीच पुराणवस्तू होऊ पाहते. वाल्टर बेंजामिनने 1936 च्या निबंधात म्हटले होते, की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय विरते. ते वलयही आता कारखान्यात चढवून मिळते, आणि आपण वर्गात त्याचा निबंध शिकवून बाहेर येतो तेव्हा विद्यार्थी ते नोंदवत असतात.

या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची दीर्घ वाजणारी तबकडी आणली. त्याआधीची अर्धशतकभराची तबकडी लाखेची असे. दगडाची भुकटी आणि काजळी लाखेने बांधून ती घडवली जाई. लाख येई ती मुख्यतः हिंदुस्थानातून, छोटा नागपूर आणि मध्य प्रांताच्या जंगलांतून. भंडारा-गोंदियाचा पळसही लाखेचाच. महायुद्धात पुरवठा अडला तेव्हा, 1942 साली, अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत 70 टक्के कपात केली आणि कंपन्या नव्या तबकडीसाठी जुनी परत मागू लागल्या. कुठल्याशा झाडावरच्या किड्याच्या स्रावावाचून कॅरुसोही मुका झाला असता आणि बालगंधर्वही. ज्या जंगलांनी जगाच्या गाण्याला अंग दिले त्यांचे स्वतःचे गाणे मात्र तबकडीवर चढणे अवघडच होते. रात्रभर चालणारी दंडार तीन-साडेतीन मिनिटांच्या एका बाजूत मावणार कशी? आता ती अडचण उरलेली नाही. खिशातला फोन अख्खी रात्र नोंदवू शकतो.

गडाच्या पायथ्याशी चहा घेताना हे सगळे आम्ही त्या विद्यार्थ्याला, थोडे चढ्या आवाजातच, ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग गप्पांच्या ओघात कळले, की त्याचे आजोबा दंडारीत गात असत आणि मंडईच्या दिवसांत अजूनही घरी एखादे गाणे म्हणतात. ते नोंदवून ठेवले आहे का, असे आम्ही विचारले.

"त्यांचं काय सर, केव्हाही म्हणायला सांगता येते," तो म्हणाला.

आजोबांचे वय त्र्याऐंशी आहे.