गैरहजर बाईचं मत

२०२५ साली ‘मतदार यादी’ हा शब्द घराघरांत पोचला. बिहारमध्ये याद्यांची फेरतपासणी सुरू झाली, आपल्याकडे दुबार नावांवरून आरोप-प्रत्यारोप झाले, १ नोव्हेंबरला तर मुंबईत विरोधी पक्षांनी याच प्रश्नावर मोर्चा काढला. टीव्हीवरच्या त्या चर्चा ऐकताना मला सारखी आठवत होती ती आमच्या गावची काकी. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या कितीतरी आधी, हातात यादी आणि पेन्सिल घेऊन ती उंबरे झिजवत होती. प्रत्येक दारात तिचा एकच प्रश्न असायचा : “ही बाई हाय का गेली?”

‘गेली’ म्हणजे वारली, नाहीतर लग्न होऊन सासरी गेली, नाहीतर मुंबईला गेली. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घराघरातलं कुणीतरी मुंबईत असतंच. माणसं जातात, नाव मात्र गावच्या यादीत राहतं. एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण काकीचं आणि तिच्या बचत गटाचं मात्र बिघडत होतं, कारण त्यांना गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं होतं.

‘उभी बाटली, आडवी बाटली’ हा प्रकार तुम्ही ऐकला असेलच. २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या परवानाधारक दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावं लागतं. नंतर शहरातल्या वॉर्डांनाही अशी तरतूद लागू झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. वाचायला किती सोपं वाटतं, नाही?

खरी मेख त्या ‘निम्म्याहून जास्त’ या शब्दांत आहे. निम्म्या कुणाच्या? मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या! समजा, यादीत १००० बायका आहेत. त्यातल्या साडेचारशे वारलेल्या, लग्न होऊन गेलेल्या किंवा मुंबईला असलेल्या. उरल्या साडेपाचशे. त्यातल्या ५०० जणी शेतातली कामं टाकून रांगेत उभ्या राहिल्या आणि पाचशेच्या पाचशे जणींनी आडवी बाटली केली, तरी दुकान चालूच राहणार. कारण ५०१ हव्या होत्या! म्हणजे जी बाई आलीच नाही, तिचं मत आपोआप दुकानदाराच्या पेटीत पडतं. मेलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीला मत देते.

आमच्या गावचं पहिलं मतदान २०१९ च्या डिसेंबरात झालं. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. त्याआधी सह्यांची पडताळणी झाली होती. अर्जावर अंगठा उठवणारी बाई खरीच आहे ना, तिनं आपल्या मनानं अंगठा दिला ना, हे बघायला साहेब आले होते. त्या दिवशी दुकानदाराची माणसं चावडीसमोर नुसती बसून होती. कुणाला काही बोलली नाहीत. बोलायची गरजच नव्हती. कोण बाई आत जाते, एवढं बघितलं तरी पुरतं. तरीही बायका आल्या. मतदानाच्या दिवशी तर एक आजी नातवाच्या पाठीवर बसून आल्या. जवळपास सगळी मतं आडवीला पडली, आणि आम्ही हरलो. हातावर मोजण्याइतकी मतं कमी पडली होती.

“ताई, समद्यांनी आडवी केली, मग उभी जितली कशी?” एका सुनेनं मला विचारलं. मी शिकलेली बाई, पण मला तिला नीट समजावता येईना. आमदारकीला उभा राहिलेला माणूस दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त मिळालं की निवडून येतो. यादीतल्या निम्म्या लोकांनी त्याला मत दिलंय का, असं कुणी विचारत नाही. दारूच्या दुकानाला मात्र हे कवच आहे.

याची दुसरी बाजूही आहे, ती मांडायला हवी. परवाना हा कायदेशीर व्यवसाय आहे, चार जणींनी एकत्र येऊन कुणाचंही दुकान बंद पाडू नये, म्हणून अट कडक ठेवली, असं अधिकारी सांगतात. मुद्दा चुकीचा नाही. पण कडक अट आणि अशक्य अट यात फरक असतो. अट ठेवायची तर आधी यादी तरी खरी करा!

त्यानंतर तीनच महिन्यांत कोरोना आला. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि जे काम आम्हाला मतदानानं जमलं नव्हतं ते एका रात्रीत झालं. दुकान बंद! काकी फोनवर म्हणाली, “आता बघ, रोगानं आडवी केली बाटली.” मी हसले. पण ती हसली नाही. कारण पंधरा दिवसांत ओढ्याकाठी हातभट्टी सुरू झाली होती, आणि ज्याला तीही मिळत नव्हती तो राग घरात काढत होता. त्या दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. बाई घरात कोंडलेली, मारणाराही घरातच, आणि बाहेर पडायला बंदी. एसटी नाही, माहेर नाही. पोलीस नाक्यावर बंदोबस्ताला. तिनं जायचं कुठं?

याच काळात ती यादी पुन्हा कामाला आली. ते मला अजूनही नवल वाटतं. मुंबईला गेलेली माणसं टेम्पोत बसून, चालत, मिळेल तसं गावाकडे आली. त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरलं. गावात भीती एवढी की सख्खे भाऊ दार लावून घेत होते. त्या माणसांना भाकरी कोण देणार? ग्रामपंचायतीकडे कोण आलं, कोण यायचं आहे याचा मेळ नव्हता. काकीच्या पेन्सिलीच्या खुणा असलेल्या यादीत मात्र सगळं होतं. कुठली बाई मुंबईला, कुणाचा नवरा वारलेला, कोण एकटी म्हातारी, कुणाचं रेशनकार्ड मुंबईच्या पत्त्यावर. गटातल्या बायकांनी घरटी दोन भाकरी गोळा केल्या, मास्क शिवले, रेशनवर नाव नसलेल्यांसाठी शेर-मापटं धान्य जमवलं. सरकारनं एप्रिल ते जून असे तीन महिने बायकांच्या जनधन खात्यात पाचशे रुपये टाकले, तेव्हा कुणाचं खातं बंद पडलंय तेही याच बायकांनी शोधून काढलं. दारूबंदीसाठी फिरताना ज्या घरांची दारं त्यांच्या तोंडावर लागली होती, त्या घरांतही त्या भाकरी देऊन आल्या.

आणि मग मे महिना उजाडला. ४ मे २०२० पासून राज्यात प्रतिबंधित भाग सोडून दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. शाळा बंद, देऊळ बंद, आठवडी बाजार बंद, आणि दारूच्या दुकानापुढे रांगा. त्या रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. मुंबईत तर गर्दी इतकी उसळली की पालिकेला लगेच पुन्हा बंदी घालावी लागली. महसुलाची गरज होती हे मान्य. तिजोरी रिकामी होती, दवाखाने चालवायचे होते. पण ते जनधनचे पाचशे रुपये कितीतरी घरांतून त्याच रांगेत गेले, याचा हिशेब कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

चंद्रपूरची गोष्ट तर याहून बोलकी. तिथल्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत चालत विधानसभेवर गेल्या होत्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले, वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती उठली कधी? २७ मे २०२१ ला, कोरोनाची दुसरी लाट चालू असताना, मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत. बंदीमुळे अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. चोरटी दारू येत होतीच. पण बंदी अमलात आणायचं काम कुणाचं होतं? ते जमलं नाही म्हणून बंदीच काढून टाकली, आणि ज्या बायका चालत गेल्या होत्या त्यांचं मत घेण्याची कुणाला गरज वाटली नाही. बंद करायला सह्या, पडताळणी, यादीतल्या निम्म्या बायका. उघडायला एक बैठक!

आमच्या गावात पुन्हा मतदान झालं ते २०२२ मध्ये. या वेळी काकीनं आधी यादी हातात घेतली. मयतांचे दाखले गोळा करून नावं वगळायचे अर्ज भरले. सासरी गेलेल्या मुलींना फोन करून नावं तिकडे लावायला सांगितलं. आणि मुंबईवाल्या बायका? त्या रात्रीच्या गाडीनं आल्या. त्यातली एक मला म्हणाली, “शाळेत चौदा दिवस ह्या बायकांच्या हातची भाकर खाल्ली. तिला जागायला नको?” या वेळी बाटली आडवी झाली. थोडक्यात झाली, पण झाली.

इथं गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण दुकानाला टाळं लागल्यावर महिन्याभरात एका टपरीच्या मागे बाटल्या मिळायला लागल्या. बायकांनी पोलिसांना फोन केला. गाडी आली तेव्हा टपरीत बिस्किटांचे पुडे सोडून काही नव्हतं. दुसऱ्यांदाही तेच. गाडी निघायच्या आधी निरोप पोचतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तिसऱ्यांदा बायकांनीच माल पकडला, तर त्यांना विचारण्यात आलं, “पंच म्हणून सही करणार का? कोर्टात यावं लागेल, वर्ष-दोन वर्षं.” संध्याकाळी एकीच्या घरावर दगड पडला. माल पकडायचा बायकांनी, साक्ष द्यायची बायकांनी, दगड खायचा बायकांनी. मग खाकी कपडे तरी आम्हालाच द्या, असं काकी तिथंच बोलून गेली.

गंमत म्हणजे यावर कागदोपत्री उपाय आहे. २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. गावकऱ्यांच्या दलानं अवैध दारूची माहिती द्यायची आणि यंत्रणेनं कारवाई करायची. तुमच्या गावात असं दल आहे का, विचारून बघा. आमच्या गावात विचारलं तेव्हा ‘बघतो’ असं उत्तर मिळालं. ते अजून बघताहेत.

या सगळ्यातून मला काय वाटतं ते सांगते. एक, मतदान जाहीर करण्याआधी त्या गावापुरती तरी यादी तपासून घ्या. मेलेल्या बाईच्या नावानं दुकान चालवू नका. नाहीतर झालेल्या मतदानाचं बहुमत धरा आणि किमान मतदानाची एखादी वाजवी अट घाला. दोन, दुकान बंद झाल्यावर तिथं अवैध विक्री झाली तर पोलीस ठाण्याला जाब विचारला गेला पाहिजे. खबर देणाऱ्या बाईचं नाव फुटलं तर त्याचाही. तीन, नवं दुकान उघडतानाही बायकांना विचारा. मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क मंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलंच आहे. पण सोसायटीला जो मान, तो वस्तीला आणि वाडीला का नको? त्याच वर्षी जूनमध्ये दारूवरचा कर वाढवून वर्षाला चौदा हजार कोटींची जादा कमाई अपेक्षित धरली गेली. एकीकडे लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार आणि दुसरीकडे तिच्या घरातूनच ही कमाई! बहिणीनं हा हिशेब मांडायचाच नाही का?

दिवाळीत गावी गेले होते. टपरी अजून आहे. पूर्वीसारखी चावडीसमोर नाही, गावाबाहेर गेली आहे, उघड्यावर कुणी पीत नाही. पोरी संध्याकाळी त्या रस्त्यानं क्लासला जातात. “एवढंच मिळालं बघ,” काकी म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, “एवढं का थोडं हाय?” तिच्या मांडीवर यादी होती. नवी, पण पेन्सिल तीच. आता ती खुणा कसल्या करतेय म्हणून बघितलं, तर कोरोनात नवरा गेलेल्या बायकांच्या नावांपुढे फुली होती. त्यातल्या कुणाला पन्नास हजारांची मदत मिळाली, कुणाचं नाव अजून सातबाऱ्यावर लागलं नाही, ते ती लिहीत होती.

मैत्रिणींनो, मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून फोटो काढणं सोपं आहे. तुमच्या गल्लीतली यादी एकदा हातात घेऊन बघा. कोण आहे, कोण गेली, कुणाचं नावच नाही. काकीचं सगळं राजकारण तिथूनच सुरू झालं होतं.