छिन्नी कोणाची?

वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, असा प्रवाद तरुणांत पुन्हा जोर धरू लागला आहे. अशा कल्पनांना एरिक फॉन डॅनिकेनच्या १९६८ च्या पुस्तकाने जगभर बाजार मिळवून दिला. पुरावा मागावा, तर तो अवकाशसंस्थांनी दडपला, हे उत्तर तयार! म्हणजे पुराव्याचा अभाव हाच पुरावा. वस्तुतः आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, पाथरवटांनी शिखराकडून पायथ्याकडे खडक फोडीत हे लेणे घडविले. छिन्नीच्या खुणा आजही दिसतात.

नाशिकच्या इंदिरानगरापासून पांडवलेणी जवळच आहेत. (तेथेही श्रमिकांचे श्रेय पांडवांच्या खाती जमा झालेच!) दहाव्या लेण्यातील सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख सांगतो की, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेवली होती, २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. ज्या भूमीतील विणकरांच्या संघटना पेढीचा असा चोख व्यवहार सांभाळीत, तिच्या पाथरवटांना मात्र डोंगर कोरता येत नव्हता, हे कोणते तर्कशास्त्र? इंदिरानगरातील कार्यकर्त्यांनी एखाद्या रविवारी वस्तीतील तरुणांना तेथे नेऊन हा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा.