दुसरे महाबळेश्वर कुणासाठी?

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तरीही मे महिन्यात पसरणी घाटात मोटारींच्या रांगा लागतातच. आता शेजारीच, कोयनेच्या खोऱ्यात, ‘नवीन महाबळेश्वर’ वसवण्याचा घाट सरकारने घातला आहे. त्याच्या आखणीत २३५ गावे होती.

या गावांना रोजगार हवा, यात वादच नाही. कोयनेच्या विजेवर राज्यातले कारखाने चालले; इथली माणसे मात्र विस्थापित झाली, तरुण माथाडी कामासाठी मुंबईला गेले. त्यांना केवळ जंगलाचे महत्त्व सांगत बसणे अन्यायाचे आहे. पण जमिनी बाहेरच्यांच्या नावावर गेल्या, तर हा रोजगार म्हणजे हॉटेलातली चाकरीच.

आणि पाण्याचे काय? सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, माती जेमतेम, खाली जांभा. त्याच्या भेगांतून पाऊस मुरतो, म्हणून उतारावरचे झरे वाहतात. तिथे काँक्रीट ओतले, की पाणी मुरायचे थांबते आणि पहिली झळ खालच्या वाडीला बसते.

आमची मागणी साधी आहे. गावोगावच्या झऱ्यांची नोंद आधी, बांधकामाचा परवाना नंतर. पर्यटकांची सोय रिसॉर्टऐवजी गावकऱ्यांच्या घरांत व्हावी आणि आराखड्यावर ग्रामसभेचे मत बंधनकारक असावे.