आबा घोरतात, हे भूलतज्ज्ञांना सांगितलंत का?

आबांचा गुडघा बदलायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. शुगर, बीपी, ईसीजी, मेडिक्लेमची कागदपत्रं. आबा रात्री कसे घोरतात, हे मात्र फाइलमध्ये कुणीच लिहीत नाही. ते आजीला विचारा. घोरता घोरता आवाज एकदम बंद, काही सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास? हा स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. मेंदू झोपमोड करून श्वास पुन्हा सुरू करतो, आणि हे रात्रभर चालतं.

भुलीच्या आणि दुखणं कमी करणाऱ्या काही औषधांनी घसा आणखी सैल पडतो. उतारवयात ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांत काही जण बरळतात, सलाइन ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. हा डेलिरियम. काही जण उलट गप्प पडून राहतात आणि आपण म्हणतो, थकलेत, झोपू द्या!

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गुडघा बदललेले 106 ज्येष्ठ होते. ॲप्निया असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना हा त्रास झाला, नसलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला. ॲप्नियावाले जेमतेम 15 होते, तेव्हा आकडा जपूनच घ्यायचा.

मग आदल्या आठवड्यात सीपॅप मशीन आणलं की झालं? नाही. ऐनवेळी मशीन दिलेल्या रुग्णांच्या चाचणीत डेलिरियम कमी झालेला दिसला नाही. मास्क लावून झोपायची सवय व्हायलाच वेळ लागतो. उपचारानं डेलिरियम टळतोच, असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण ऑपरेशननंतर श्वास आणि ऑक्सिजन सांभाळायला तरी ॲप्निया आधी कळलेला बरा. ऑपरेशन घाईचं नसेल, तर झोपेची तपासणी महिना-दोन महिने आधीच उरका.

भूलतज्ज्ञांकडे स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी असते. तीन 'हो' आले की धोका मध्यम, पाचपासून जास्त. पन्नाशीपुढचा पुरुष आणि बीपीची गोळी, इथेच तीन झाले की!

मशीन आधीपासून असेल तर हॉस्पिटलच्या बॅगेत चष्मा आणि कानाच्या मशीनशेजारी तेही ठेवा, स्वतःच्या मास्कसकट. आणि आबांची नेहमीची झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.