‘बरे झाले’ या रकान्यातली माणसे

सेलू तालुक्यातील वालूरला आमचा एक जुना कार्यकर्ता आहे. गवंडीकाम करतो. पौर्णिमेला विहारात त्रिसरण-पंचशील झालं की पुढची सारी वंदना त्याच्या तोंडून, पुस्तकाला हात न लावता, हे आम्ही वीस वर्षं पाहत आलो. परवा गेलो तेव्हा त्याच्या हातात पुस्तक होतं आणि बोट ओळीवर होतं. आम्ही विचारण्याआधीच तो म्हणाला, “इसर पडायलाय दादा, कोरोनापसून.”

२०२१ च्या एप्रिलमध्ये तो ऑक्सिजनवर होता. छाती सावरली, डोकं सावरलं नाही. भिंतीचं माप घेतो आणि वीट उचलेपर्यंत ते विसरतो. ठेकेदाराने दोनदा बांधकाम पाडायला लावलं. तिसऱ्यांदा हातातली थापी आणि ओळंबा काढून घेतला, घमेलं दिलं. गवंड्याचा बिगारी झाला. वस्तीतले लोक म्हणतात, वय झालं. वय पन्नासही नाही!

शासनाच्या हिशेबात मात्र हा माणूस ‘बरा’ आहे. केंद्राच्या रोजच्या तक्त्यात एक रकाना होता: बरे झालेले, घरी सोडलेले, स्थलांतरित. तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात. ८ मे २०२० च्या धोरणानुसार तर सौम्य रुग्णाला दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला की पुन्हा तपासणीही न करता घरी पाठवायचं होतं. खाटा कमी होत्या, हे आम्हाला मान्य आहे. पण घरी सोडणं म्हणजे बरं होणं, हे कोणी ठरवलं?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या दुखण्याची व्याख्या केली. लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कारणाने न उलगडणारी लक्षणं. थकवा, धाप आणि विचारशक्तीतला बिघाड ही त्यातली प्रमुख. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७८५ माणसांच्या मेंदूची चित्रं दोन वेळा तपासली. त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोरोना झाला होता आणि वासाशी संबंधित भागांत त्यांच्या मेंदूची झीज इतरांपेक्षा अधिक आढळली. बहुतेकांचा आजार सौम्यच होता. २०२४ मध्ये इंग्लंडातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या चाचण्यांतून दिसलं की पूर्ण बरे झालेल्यांतही स्मृती आणि तर्क किंचित उणावले होते, लक्षणं रेंगाळलेल्यांत अधिक, आणि अतिदक्षता विभागातून परतलेल्यांत सर्वाधिक. त्याच अभ्यासात दिलासाही आहे: ज्यांची लक्षणं उशिरा का होईना पण गेली, त्यांची बुद्धी लवकर बऱ्या झालेल्यांच्या बरोबरीने आढळली. म्हणजे हे कायमचं नशीब नव्हे. पण त्यासाठी दुखणं ओळखावं लागतं.

आमच्याकडे ओळखलं कसं? १३ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोरोनापश्चात काळजीचा जो आराखडा काढला, त्यात योगासनं, च्यवनप्राश आणि हळदीचं दूध होतं. वीटभट्टीवर जाणाऱ्याने च्यवनप्राश कुठून आणायचा, हा प्रश्न त्या टेबलावर कोणाला पडला नसावा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सविस्तर मार्गदर्शक सूचना आल्या. मोठ्या शहरांत कोरोनापश्चात बाह्यरुग्ण विभाग उघडले. वालूरच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं.

मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळाले, तेही ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर. जो जिवंत राहिला पण ज्याचा हुन्नर गेला, त्याच्यासाठी एक छदाम नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. कोरोनानंतरचा विसर त्यात नावानिशी नाही. अमेरिकेने जुलै २०२१ मध्येच रेंगाळणारा कोरोना दिव्यांगत्व ठरू शकतो असं जाहीर केलं, हे इथे नमूद करतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला, त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी पडलेल्या कामगाराला घरी बसून मजुरीचा हिस्सा मिळावा, हे त्याचं मर्म. आज कचेरीतला माणूस विसरू लागला तर रजा टाकतो. शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि नाक्यावरचा गवंडी त्या विम्याबाहेरच आहेत. ही माणसं कोणत्या जातींची, हे आमच्या वाचकाला सांगायला नको. हातात सात-बारा नाही, बापाचं दुकान नाही. कमावलेलं कसब आणि पाठ केलेली विद्या एवढीच त्यांची इस्टेट, आणि ती डोक्यातच असते.

आता स्वतःच्या माणसांनाही दोन शब्द ऐकवतो. प्रत्येक विसर कोरोनाचा नसतो. रक्त कमी असणं, साखर, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, रात्र-रात्र झोप नसणं, घरात झालेल्या मृत्यूचं साचलेलं दुःख, दारू, यांनीही डोकं असंच मंदावतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर स्वस्त इलाज आहेत. म्हणून तपासणी हवी. अंगारा आणि ब्राह्मीची बाटली नको. बुद्धाने सम्यक स्मृती अष्टांगिक मार्गात घातली. तिच्यासाठी भोंदूच्या दारात जाणं आम्हाला तरी शोभत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात स्मृतीची साधी चाचणी घ्यायला कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटं लागतात. आशाताई घरोघरी फॉर्म भरतातच, त्यात दोन प्रश्न वाढवा आणि त्या कामाचे पैसे त्यांना द्या. २०२१ च्या जूनमध्ये मानधनासाठी त्यांना राज्यभर संप करावा लागला होता. सफाई कामगारांपासून सुरुवात करा आणि आकडे जातवार जाहीर करा. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पथकाने महिन्यातून एक दिवस तालुक्याला यावं, एवढीच मागणी घेऊन आमचे कार्यकर्ते जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहेत.

त्या गवंड्याला सोमवारी परभणीला न्यायचं ठरलं आहे. दिवसाची मजुरी विहाराच्या पेटीतून द्यायची, असं बायकांनी ठरवलं. त्याने तारीख विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून घेतली.