टेलचा नळ

कुपवाडच्या टोकाकडच्या वसाहतींत पाणी यायच्या आधी हवा येते. चावीवाल्यानं व्हॉल्व्ह सोडला की नळ फुसफुसतो, दोन-चारदा ठसकतो, तांबूस गुळणी टाकतो आणि मग कुठं धार धरतो. ती पहिली बादली प्यायला कुणी भरत नाही. ती संडासात जाते, नाहीतर दारातल्या झाडाला. नव्यानं भाड्यानं आलेलं बिऱ्हाडही आठवड्याभरात हे शिकतं. घागर भरली की तळ बघायचा, वास घ्यायचा, पावसाळा असला तर तुरटी फिरवायची. एवढ्यावर पाण्याचा निकाल लागतो.

निकाल द्यायची ही रीत वाईट नाही, पण तिला अर्धंच दिसतं. गाळ दिसतो, जंतू दिसत नाहीत. आणि त्या फुसफुसण्याकडं तर कुणाचंच लक्ष नसतं. वास्तविक गढूळपणापेक्षा ती हवा जास्त काळजी करण्याजोगी. हवा आली म्हणजे मधल्या वेळात पाइप रिकामा होता. आणि गटारीच्या शेजारून गेलेला गळका पाइप नुसता रिकामा राहत नाही. आजूबाजूला जे असेल ते आत ओढून घेतो.

कुपवाडला स्वतःची नदी नाही. 9 फेब्रुवारी 1998 रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली, त्यातलं हे तिसरं नाव. एमआयडीसीमुळं वाढलेलं, उंचवट्यावर वसलेलं. पाणी येतं ते सांगलीहून, कृष्णेचं. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाईवरून खाली उतरते, कराडला कोयनेला भेटते आणि ऊसपट्ट्यातून सांगलीला येते, तोवर वाटेतल्या गावांचं, कारखान्यांचं आणि रानातल्या खतांचं बरंच काही तिच्यात आलेलं असतं. सांगलीत शेरीनाला वाटच बघत असतो. शहराचं सांडपाणी नदीत आणून सोडणारा हा नाला सांगलीकरांनी जितक्या जाहीरनाम्यांत वाचलाय तितका दुसरा कुठलाच विषय वाचला नसेल. ते पाणी उचलून धुळगावला न्यायचं, प्रक्रिया करून शेतीला द्यायचं, अशी योजना झाली. नाला नदीत मिसळल्याच्या बातम्या मात्र थांबल्या नाहीत. मार्च 2023 मध्ये अंकली पुलाजवळ मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा नदीच्या तब्येतीची पुन्हा चार दिवस चर्चा झाली.

नदीवर राग काढणं सोपं आहे, आणि तो रास्तही आहे. पण कुपवाडच्या तोटीतलं पाणी फक्त नदी बिघडवते असं धरून चाललं की खरी गोम हातातून निसटते.

सांगली आणि कुपवाडला पाणी माळबंगल्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून मिळतं. कुठल्याही अशा केंद्रावर होतं ते साधारण असं: तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन टाकून गाळ एकत्र आणायचा, तो तळाला बसू द्यायचा, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळून घ्यायचं, शेवटी क्लोरिन. यात नवं काही नाही. शंभर वर्षांहून जुनी विद्या आहे आणि इमानदारीनं चालवली तर कृष्णेच्या आजच्या पाण्यातलेही जंतू ती हटवते. क्लोरिनचं काम मात्र केंद्राच्या फाटकावर संपत नाही. पुढच्या सगळ्या वाटेवरचा पहारेकरी तोच. म्हणून पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असलं पाहिजे असं सांगतं, आणि ते मोजायचं ग्राहकाच्या नळावर, केंद्रावर नव्हे.

मोजायला यंत्रबिंत्र लागत नाही. पाणीपुरवठ्यातली माणसं ज्याला ‘ओटी’ म्हणतात ती चाचणी दोन मिनिटांची. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, हलवायचं. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं, आणि पेटीतल्या रंगपट्टीशी ताडून किती ते कळतं. पाणी पांढरंच राहिलं तर पहारेकरी वाटेतच संपला. ते पाणी स्फटिकासारखं स्वच्छ दिसत असेल, गोडही लागत असेल. उलट आपल्याकडं तक्रार कधी होते, तर पाण्याला ‘औषधाचा वास’ आला की. वास नाही आला म्हणून कुणी पाणीपुरवठ्याचं ऑफिस गाठल्याचं ऐकिवात नाही.

हा पहारेकरी वाटेत का संपतो, याचं उत्तर मिरजेहून हुबळीची गाडी पकडली की सापडतं. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी शहराला पूर्वीसारखंच काही दिवसांआड मिळत राहिलं. केंद्रं तीच, पाणी तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस तास पाण्याच्या भागात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, शंभरातल्या जेमतेम एका नमुन्यात सापडला. काही दिवसांआड पाण्याच्या भागात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात. मुख्य फरक पाइप भरलेला असण्याचा आणि रिकामा होण्याचा.

भरलेल्या पाइपला भोक पडलं तर पाणी बाहेर जातं. महापालिकेचं नुकसान होतं, घराघरातल्या पोटाचं नाही. पुरवठा बंद झाला की तेच भोक आत ओढतं. त्यात घरोघरच्या मोटारी. दाब कमी म्हणून नळाला थेट मोटार लावायची, आणि मोटार लावल्यामुळं पुढच्या घराचा दाब आणखी कमी, म्हणून त्यानंही लावायची. ही मोटार नुसतं पाणी ओढत नाही. लाइनीत पुरेसं पाणी नसेल तर तिला भोकातून जे मिळेल तेही चालतं. मोटार लावणारा बेकायदा वागतो हे खरं. टेलला, म्हणजे लाइनीच्या शेवटाला, राहणाऱ्यानं कायदा पाळून कोरडं राहावं, हे सांगायलाही मोठं तोंड लागतं.

आता एखाद्या बोळातली गटार नीट बघावी. मुख्य लाइन रस्त्याच्या एका कडेला आणि घरं दोन्ही कडेला असतात. म्हणजे पलीकडच्या प्रत्येक घराची अर्ध्या इंचाची जीआय पाइप रस्ता आणि गटार ओलांडूनच जाते. गटारीत अशा पाच-सहा पाइपा आडव्या गेलेल्या, त्यांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, भाताची शितं, साबणाचा फेस. गटार तुंबली की पाइपा बुडतात. वरून पाइप धड दिसते; गंजते ती खालच्या अंगानं आणि आट्यांच्या जोडाशी, जिथं हात फिरवायची कुणाची तयारी नसते. शिवाय मुख्य लाइनीपासून घरापर्यंतचा हा तुकडा सहसा घरमालकाच्या खर्चानं टाकलेला आणि त्याच्याच जबाबदारीचा. फुटून कारंजं उडेपर्यंत तो बदलत नाही. कुपवाडला भुयारी गटारीची योजना मंजूर झाली तीच अलीकडच्या काही वर्षांत. ती पुरी होईतोवर शोषखड्डे, सेप्टिक टँक आणि उघड्या गटारी यांच्या मधूनच पिण्याच्या पाण्यानं वाट काढायची.

याचा हिशेब मिरजेनं चुकता केला आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये तिथं गॅस्ट्रोची साथ आली, माणसं दगावली, आणि बोट गळक्या जलवाहिन्यांत शिरणाऱ्या गटारीच्या पाण्याकडं गेलं. त्याआधी 2012 मध्ये पलीकडच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ झाली, तिथंही माणसं गेली. तेव्हा पंचगंगेच्या प्रदूषणाबरोबर शहरातल्या पाण्याच्या लाइनीही चर्चेत आल्या. दोन्ही साथींत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गॅस्ट्रो एक-दोन दिवसांत आडवं पाडतो, त्यामुळं बोभाटा होतो. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू, हेपेटायटिस ई, पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी तोंड वर काढतो, आणि गरोदर बाईला तो सगळ्यांत धोक्याचा. श्रावणात दोन दिवस घाण पाणी आलं, लोकांनी चडफडत भरलं, विसरले. डोळे पिवळे होणार गणपती उठून गेल्यावर. तेव्हा त्या दोन दिवसांची आठवण कुणाला राहणार?

पाइप रिकामा होण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण ऑगस्ट 2019 च्या महापुरात दिसलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. नदीकाठची यंत्रणा बुडाली आणि शहराचा पुरवठा बंद पडला. पुरात बुडून नळ कोरडे, हा सांगलीचा अनुभव. उंचावरच्या कुपवाडात पूर आला नाही, पण पाणी त्याच नदीचं. अशा वेळी पुरवठा सुरू झाल्यावर येणारं पहिलं पाणी उकळल्याशिवाय घ्यायचं नसतं, मग ते कितीही नितळ दिसो.

गंमत अशी की वाट दिसत असली की याच भागातल्या पाण्याची काळजी घेतली जाते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून दुष्काळातल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत 50 हजार लिटर. त्या वाघिणी आधी कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, आणि पाणी कशातून जातंय याची सगळ्या देशानं विचारपूस केली. माळबंगल्याहून कुपवाडपर्यंतच्या चार-सहा किलोमीटरची विचारपूस होत नाही, कारण ते जमिनीखाली आहेत.

लोकांनी आपापली सोय लावली आहे. ऐपतीप्रमाणं कुणी आरओ बसवला, कुणी जार लावला. कृष्णेच्या पाण्यात क्षारांचं प्रमाण इतकं नसतं की आरओ हवाच. विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच सांगितलं होतं. बोअरच्या जड पाण्याला तो ठीक. नळाच्या पाण्यातल्या जंतूंसाठी साधा यूव्हीचा दिवा किंवा पातेलं आणि गॅस पुरतो. आणि जार? निळ्या झाकणाचा थंडगार जार म्हणजे शुद्ध, ही समजूत लग्नाच्या मांडवापासून बँकेपर्यंत पक्की झाली आहे. सीलबंद बाटलीवर निदान परवान्याचा नंबर असतो. सुटा जार ना बाटलीत मोडतो, ना नळात. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडं गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड गावच्या विहिरीबरोबर त्या भागातले खासगी आरओ प्रकल्पही तपासले गेले. काहींचं पाणी पिण्यालायक निघालं नाही, आणि महापालिकेनं कारवाई केली. थंडपणानं जंतू मरत नाहीत, एवढं तरी त्यातून कळायला हरकत नव्हती.

कुपवाडची हद्द ओलांडून एखाद्या ग्रामपंचायतीत गेलं की एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तिथं जलसुरक्षक असतो, टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या पावडरचा साठा किती हे विचारलं जातं, आणि पावसाळ्याआधी व नंतर पाण्याच्या स्रोतांचं, टाकीचं, गळतीचं सर्वेक्षण होऊन गावाला कार्ड मिळतं. जोखीम मोठी असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. लाल कार्डवाल्या गावांची यादी पेपरात छापून येते आणि सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. महापालिकेच्या प्रभागाला असं कार्ड नाही. गाव शहरात गेलं की घरपट्टी वाढते आणि पाण्याचा जाब विचारायची सोय जाते, असा हा उलटा व्यवहार आहे.

चोवीस तास पाणी मोठ्या शहरांनाच परवडतं असं कुणी म्हणालं तर त्याला कराडजवळच्या मलकापूरला न्यावं. नगरपंचायत होऊन फार काळ लोटला नव्हता, तेव्हाच महाराष्ट्र जीवन प्राधिकरणानं आखलेली योजना तिथं उभी राहिली. कोयनेचं पाणी, जोड वितळवून बसवलेले एचडीपीई पाइप, प्रत्येक नळाला मीटर, आणि जास्त वापराला चढा दर. पाणी कायम असल्यावर साठवायची घाई संपते, आणि मीटर फिरताना दिसला की शिळं म्हणून हौद ओतून देणंही संपतं. यातली राजकीय अवघड गोष्ट पाइप नव्हेच. मीटर बसवतो म्हणून मतं मागायला धीर लागतो, आणि मलकापूरनं तो दाखवला.

कुपवाडला ते व्हायला वर्षं लागतील. मधल्या काळात एक काम फुकटात होण्याजोगं आहे: प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या नळाची ओटी रोज घ्यायची आणि आकडा प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लिहायचा. त्याचा उपयोग नुसता लोकांना कळण्यापुरता नाही. टेलला सलग दोन-तीन दिवस रंग आला नाही तर एकेक व्हॉल्व्ह मागं सरकत नमुने घ्यायचे. ज्या व्हॉल्व्हला पिवळा रंग परत दिसतो, तो आणि त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह यांच्या मधल्या तुकड्यात क्लोरिन खाणारी घाण शिरते आहे. मग अख्खा रस्ता उकरावा लागत नाही. तेवढा तुकडा उघडायचा, आणि आधी गटारीतल्या पाइपा बघायच्या.